आदर्श परसबाग क्रमांक एक

लोकांना झाडं लावायला लावणं, हे माझं काम. 'हिरवी ओंजळ' नावाच्या संस्थेत मी तीन वर्षं ते करते आहे, आणि हे नुसतं लिहितानासुद्धा मला किळस येते. ज्या बायकांच्या आज्यांनी मोरीच्या सांडपाण्यावर अळू नि कर्दळ वाढवली, त्यांना आम्ही मुंबईहून छापून आणलेली रंगीत पुस्तिका दाखवून सांगतो, की ताई, घराभोवती भाजी लावता येते बरं का. त्या बिचाऱ्या मान डोलावतात, चहा ठेवतात, शपथ घ्या म्हटलं की हात पुढे करून शपथही घेतात. आमची गाडी वळली की आम्ही दिलेली कुंडी उपडी घालून तिच्यावर बसून मासळी साफ करतात. त्यांचं काही चुकत नाही.

मी रोह्याजवळच्या निडीची. सकाळच्या गाडीने पेणला उतरायचं, मिनिडोअर रिक्षा पकडायची आणि माणखारला जायचं, हा माझा नेम. माणखारला तीन बाजूंनी खाडी आहे. बांधाच्या बाहेर खारफुटी, आत भातशेती आणि मिठागरं. पाऊस संपला की जमिनीतलं मीठ वर यायला लागतं, आणि फाल्गुनात शेतं अशी पांढरी पडतात, की कुणी रांगोळी सांडून गेलंय असं वाटावं. नळाला गोडं पाणी चार दिवसांतून एकदा येतं. अशा गावात आमच्या संस्थेने घरटी गुलाबाची रोपं वाटली. सोबत टोप्या वाटल्या. दिवाळीपर्यंत गुलाब सरपणात गेले, टोप्या मिठागरावर कामाला आल्या, आणि आमच्या अहवालात छापून आलं, की माणखार फुललं.

माणखारात खरोखर फुललेली एकच जागा होती, हौसाकाकीची. तिचा नि आमचा काडीचा संबंध नव्हता.

हौसाकाकी साठी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई. तिच्या घरामागे कमरेइतक्या उंचीचा एक ओटा होता, चांगला दोन खोल्यांएवढा. खाली शिंपल्यांचा थर, त्यावर भाताचा तूस, आणि त्यावर माती. शिंपल्या आणि तूस अशासाठी, की खालचं मीठ वर चढू नये. ही माती गावातली नव्हती. तरुणपणी ती लावणीला आतल्या गावांत मजुरीवर जायची, तेव्हा परतताना प्रत्येक खेपेला डोक्यावर एक टोपली माती घेऊन यायची. बरोबरच्या बायका हसायच्या. सत्तावीस पावसाळे तिने हे केलं. मग त्या ओट्यावर पडवळ आलं, कारली आली, मिरची, अळू, कढीपत्ता, अबोली आली. चैत्र-वैशाखात सगळं गाव करपलेलं असताना तिथे शेपू हिरवागार असे. गावात कुणी बाळंतीण झाली की पहिली जुडी काकीकडून जायची, न मागता.

मातीची आणि पाण्याची पारख ती जिभेवर करायची. चिमूट तोंडात टाकायची, थुंकायची, आणि म्हणायची, "गोडी हाय." माणखारात सगळेच असं करतात. मिठागरावरची माणसं तर चाखल्याशिवाय पाण्यात पायसुद्धा घालत नाहीत. मी तेव्हा तोंड फिरवायची. आमच्याकडे, रोह्याच्या बाजूला, शेतात कालव्याचं पाणी येतं. भात निघालं की त्याच ओलीवर वाल होतो. पाणी आलं की ते शेताला सोडायचं, एवढंच मला ठाऊक. पाणी चाखून बघायचं असतं हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला सुचलं नसेल.

दुसऱ्या वर्षी आमच्या संस्थेला देणगीदारांना दाखवायला एक तरी बाग हवी झाली. मनस्वी मॅडम आमच्या प्रकल्पप्रमुख. त्या मुंबईहून आल्या, हौसाकाकीचा ओटा बघितला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. त्यांना पटकन रडू येतं, हा त्यांचा दोष नाही. पुढल्या आठवड्यात मी माझ्या हाताने ओट्यापाशी पाटी ठोकली, 'हिरवी ओंजळ – आदर्श परसबाग क्र. १'. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. आणि खिळे मारणारी मीच.

मला वाटलं होतं काकी भांडेल. ती पाटीकडे बघून म्हणाली, "ऱ्हाऊंदे. पाटीला काय पानी घालावा लागत नाय."

या एप्रिलमध्ये काकीच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तिची लेक समीक्षा पेणला रामवाडीत राहते. ऑपरेशननंतर पाच दिवस तिच्याकडेच राहायचं, धुळीत यायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. गुरुवारी निघताना काकीने मला बोलावून घेतलं. शेजारणींना सोडून मला का, हे मी तेव्हा विचारलं नाही. मी रोज येते, झाडांचंच काम करते, म्हणून असेल. तिने माझ्यावर विश्वास टाकला, एवढं खरं.

"दोन घागरी सकालच्या, दोन सांजच्या," ती म्हणाली. "पानांवर नाय, मुलाशी. या रांजनातला. बाकी कसला पानी घालू नको, बाय."

"नाही घालत," मी म्हटलं.

रांजण माझ्या छातीइतका उंच होता आणि काठोकाठ भरलेला. पुढचं पाणी सोमवारी यायचं होतं, तोवर तो सहज पुरला असता. दोन दिवस मी सांगितल्याप्रमाणे पाणी घातलं. शुक्रवारी अमावास्या होती. शनिवारी पाहुणे आले.

पाहुणे म्हणजे देणगीदार. दोन गाड्या भरून. सगळ्यांच्या अंगात आमचे हिरवे टी-शर्ट, पाठीवर 'मातीशी नातं'. भर दुपारी दोन वाजता आले, कारण सकाळी ते नाश्त्याला रेंगाळले होते. मनस्वी मॅडमनी त्यांच्यासाठी खास रोपं आणली होती, लॅव्हेंडरची. पेणच्या खारेपाटात, एप्रिल महिन्यात, लॅव्हेंडर. त्यांना जागा करायला म्हणून एका बाईंनी शेपूचा अख्खा वाफा उपटला. त्यांना ते तण वाटलं. मी पुढे झाले, पण मॅडमनी डोळ्यांनीच मला थांबवलं, आणि मी थांबले. मग प्रत्येकाने ओंजळीत माती घेतली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. एक गृहस्थ मातीचा वास घेऊन म्हणाले, की अशा मातीत माणूस परत लहान होतो. लोक असं बोलू शकतात, याची मला कमाल वाटते.

माती हाताला लागली की ती धुवावी लागते. परत लहान झालेले ते गृहस्थ सगळ्यात आधी रांजणाकडे गेले. मी म्हटलं, "ते झाडांचं पाणी आहे, सर." ते म्हणाले, "थोडंसंच." मग सगळ्यांनी थोडंसंच घेतलं. हात धुतले, कोपर धुतले, कुणी पाय धुतले, कुणी बूट. एका मुलीने गॉगल धुतला. वीस-बावीस माणसांनी तांब्या-तांब्याने रांजणाचा तळ गाठला, आणि तळाला राहिलेला गाळ बघून कुणीतरी म्हणालं, की हे पाणी जरा अस्वच्छच आहे, नाही?

मी तिथेच उभी होते. माझ्याही अंगात तोच टी-शर्ट होता.

चार वाजता फोटोग्राफर म्हणाला की उन्हं छान कलली आहेत, पण पानांवर धूळ दिसते, ओली करा. मी मॅडमना रांजण दाखवला. संध्याकाळच्या घागरी कुठून घालायच्या हाच माझ्यापुढे प्रश्न होता, फोटो नव्हे.

"अगं, एवढं काय त्यात," मॅडम म्हणाल्या, "समोर अख्खं तळं आहे. आपला पंप पडलाय ना तसाच?"

पंप होता. सामुदायिक बागेसाठी आणलेला, ती बाग झालीच नाही म्हणून नवा कोरा. तळं बांधाला लागून होतं, हिवाळ्यात त्यात गुरं पाणी पितात हे मी बघितलं होतं. आणि खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. पाणी मिळालं, झाडं जगली, असंच माझ्या डोक्यात आलं. मी पंप लावला, नळी ओढली.

शेजारचा कान्हूकाका तेव्हाच मिठागराकडे निघाला होता. आयुष्य मिठात काढलेला माणूस, पायांची कातडी पार फाटलेली. जाता जाता थांबून म्हणाला, "पानी चाखलंस का गो? कालची अवस, उधान हाय."

उधाण म्हणजे भरती मोठी, एवढं मला कळत होतं. पण बांधाला पाणी सोडायची जी लाकडी दारं असतात, ज्यांना इथे उघाडी म्हणतात, त्यांच्या फळ्या कुजल्या आहेत, आणि मोठ्या भरतीला खाडी त्यातून गुपचूप तळ्यात शिरते, हे मला ठाऊक नव्हतं. निडीला कुठली आलीय खाडी? तळं समोर शांत, निळं दिसत होतं. आणि पाहुण्यांसमोर तळ्यात बोट घालून चाटायचं, या विचारानेच मला लाज वाटली.

"चाखते, काका," मी म्हटलं. तो गेला. मी चाखलं नाही.

दीड तास पंप चालला. पानं धुतली, फोटो निघाले, एक चिमुकलं इंद्रधनुष्यही पडलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ओटा तुडुंब भिजला. इतकं पाणी त्या मातीने पावसाळ्याबाहेर कधी पाहिलं नसेल.

रविवारी मला सुट्टी असते, तरी मी आले. अळूने माना टाकल्या होत्या, पडवळाचे शेंडे लोंबत होते. मला वाटलं, ऊन फार आहे, पाणी कमी पडलं. आमच्याकडे मान टाकलेल्या रोपाला पाणी देतात, ते तासाभरात उभं राहतं. मी पंप लावला. सोमवारी सकाळी पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी झाल्या होत्या. नळाला पाणी अजून आलं नव्हतं, मी पुन्हा पंप लावला. विष पाजलं, आणि पेशंट ढासळतोय म्हणून आणखी पाजलं, तेही माया करून.

सोमवारी दुपारी कान्हूकाका पाळी संपवून परतला. ओट्यापाशी आला, नळीच्या तोंडाखाली बोट धरलं, जिभेला लावलं आणि थुंकला. मग माझ्याकडे न बघताच पंप बंद केला.

"यावर मीठ पिकंल," तो म्हणाला.

मंगळवारी समीक्षा काकीला रिक्षाने घेऊन आली. काकीच्या डोळ्यांवर तो हिरवा चष्मा होता. रिक्षातून उतरतानाच म्हणाली, की आता लांबचा पण दिसतंय मना, पार बांधापत्तुर. मग ती घराला वळसा घालून मागे आली.

तिने आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर मला बरं वाटलं असतं. कढीपत्ता सोडून काही उभं नव्हतं, आणि त्याचीही पानं गळत होती. मातीवर पांढुरकी साय धरायला सुरुवात झाली होती. मधोमध लॅव्हेंडरच्या काड्या, प्रत्येकीशेजारी देणगीदाराच्या नावाची चिठ्ठी. काकीने चिमूटभर माती तोंडात टाकली. ती थुंकली नाही, तशीच उभी राहिली.

"मी घातलं पाणी. तळ्यातलं," मी म्हटलं. "तीन दिवस."

"रांजनातला सांगितलंतं."

"रांजण रिकामा झाला. पाहुण्यांनी हात धुतले."

"हात कशान भरलं व्हतं?"

ती माझ्याकडे बघत राहिली, त्या हिरव्या काचांतून.

"मातीने," मी म्हटलं.

"माज्या," ती म्हणाली.

समीक्षा मला बोलली. जे बोलायचं ते सगळं बोलली, आणि त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. काकीने तिला थांबवलंही नाही. शेवटी मी विचारलं, की पाऊस पडला की मीठ धुऊन जाईल ना? मला कुणीतरी हो म्हणायला हवं होतं.

"जाईल की," काकी म्हणाली. "तीन पावसाल्यात, नायतर चारात. मी वाट बगायला पायजे ना, पन."

त्या रात्री मी अहवाल लिहिला. सगळं लिहिलं: रांजण, बूट, पंप, कान्हूकाकाचं सांगणं, माझं न ऐकणं. सकाळी मनस्वी मॅडमचा फोन आला. मला वाटलं, आता शिव्या बसणार. पण त्यांचा आवाज भरून आला होता.

"मृणाली, हे किती मोठं आहे, तुझ्या लक्षात येतंय का? समुद्र त्या बाईच्या बागेत शिरला. हवामानबदलाचा चेहरा आहे हा."

"समुद्र नाही शिरला, मॅडम. आपण पंप लावला."

"हो, पण पंपाची भाषा नकारात्मक आहे गं. आपण दोष शोधणारी माणसं नाही. आपण आशा पेरणारी माणसं आहोत."

आठ दिवसांत ते पत्रक आलं. वर फोटो: मेलेला ओटा, आणि त्यामागे हिरव्या चष्म्यातली हौसाकाकी. हा फोटो काढायला कोण आलं, कधी आलं, मला पत्ता नाही. खाली ओळ: 'हौसाची बाग खाऱ्या पाण्याने गिळली. तुम्ही तिला परत द्याल?' ते पाणी कुणी घातलं, ते लिहिलं नव्हतं. शनिवारच्या त्या गृहस्थांनी सगळ्यात आधी मदत पाठवली, सोबत चिठ्ठी, की त्या मातीचा वास अजून विसरलो नाही. मी ते वाचलं. ऑफिसच्या मोरीत जाऊन मी चूळ भरली.

त्याच दिवशी राजीनामा दिला असता, तर ही गोष्ट सांगायला मला जरा तोंड राहिलं असतं. मी दिला नाही. घरी आप्पा आणि मी, आणि वालावर वर्ष निघत नाही. दुसरी नोकरी रोह्याला कंपनीत मिळाली असती, शिफ्टची, पण ती मी शोधलीसुद्धा नाही. लोकांची मला किळस येते म्हणते, तेव्हा त्या लोकांत मी पण आहे.

मे महिन्यात एका रविवारी मी आमच्या वालाच्या शेतात फावडं घेऊन गेले. आप्पा, म्हणजे माझे वडील महिपती पाटील, बांधावर बसले होते. मी गोणी भरताना ते बघत राहिले. शेतातली माती बाहेर जाऊ द्यायची नाही, असं ते मानतात. लक्ष्मी जाते म्हणतात. थोड्या वेळाने म्हणाले, "कोनाला?"

"एका बाईची खराब केली मी."

ते उठले, माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि सांगितलं, की तिथली नको, तिथे खडा हाय, या कोपऱ्यातली ने. दुसऱ्या दिवशी सकाळी गोणी त्यांनीच स्टेशनपर्यंत सायकलवर आणून दिली.

पेणला मिनिडोअरवाल्याने गोणीचंही भाडं मागितलं आणि विचारलं, की आत काय हाय. माती म्हटल्यावर तो हसला. माणखारला फाट्यावरून मी ती डोक्यावर घेतली. अर्ध्या वाटेत मान दुखायला लागली, दोनदा उतरवली. सत्तावीस पावसाळ्यांचा हिशोब मी तेव्हा मनात केला नाही, करवला नसता.

हौसाकाकी दारात जाळं दुरुस्त करत बसली होती. त्या दिवसानंतर आमचं धड बोलणं नव्हतं. ती माझ्याशी वाईट वागायची नाही, पाणी द्यायची, पण 'बाय' म्हणायची बंद झाली होती. मी गोणी तिच्यासमोर उतरवली आणि सुतळी सोडली.

"आमच्या शेतातली आहे. दर आठवड्याला एक आणते. जमेल तितकी."

ती उठून आली. गोणीत हात घालून खालवर केला, ढेकूळ फोडलं. बराच वेळ तिचा हात आतच होता.

"तुज्या बापान दिली?"

"हो."

तिने मान हलवली. मला वाटलं, आता ओट्याकडे जायचं, वरचा खारावलेला थर काढायचा, मी फावडंही मागून आणलं असतं. पण तिने विचारलं, "तुजी मंडली परत कवा येनार हायत?"

पाच जूनला, पर्यावरण दिनाला. दोन बसेस येणार होत्या. हौसाची बाग परत उभी करायला. मी तारीख सांगितली.

काकीने गोणीचं तोंड सुतळीने आवळून बांधलं, दोन गाठी मारल्या आणि एक कान स्वतः धरून दुसरा मला धरायला लावला. आम्ही ती आत नेली, तिच्या खाटेखाली पार भिंतीपर्यंत सरकवली. वरून तिने गोधडी सोडली, बाहेरून काही दिसू नये इतकी.

"जातील तवर हतंच ऱ्हाऊंदे, बाय," ती म्हणाली. "दिसली तर झाडां लावतील तिच्यान."